खऱ्या मापाचे किडे

दिवाळीच्या सुमारास कोलकात्यात दिव्याभोवती तिळाएवढे हिरवे किडे येतात. इथे त्यांना श्यामापोका म्हणतात. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही तिथल्या बेहाला भागात राहायला आलो, त्या पहिल्या वर्षी ते ताटात पडायचे, कॉलरमध्ये शिरायचे. मी वैतागून ट्यूबलाइट बंद करून बसायचे. सातवीतली आमची मुलगी मात्र एकेक किडा वाटीखाली पकडायची आणि भिंग घेऊन बघत बसायची.

पुढे शाळेत कीटकांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. बहुतेक मुलींनी मोठाली फुलपाखरं काढली. हिने पांढऱ्या कार्डशीटवर जलरंगात साठेक श्यामापोका काढले, अगदी खऱ्या मापाचे. पंखांवरचे काळे ठिपकेसुद्धा सोडले नाहीत.

"अगं, लांबून काही दिसणार नाही. मोठे काढ," मी म्हटलं.

"मग ते श्यामापोका नाही ना राहणार," ती म्हणाली. चित्रकलेच्या बाईंनीही तेच सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा ती आपल्या चित्रासमोर उभी होती. डोळे लाल झाले होते. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ओला हिरवा फराटा होता आणि तिथले दहा-बारा किडे गायब होते. सकाळी हॉल झाडणाऱ्या बाईंना ते खरेच वाटले होते. त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकले.

मी चिडले. मुख्याध्यापिकांना भेटायचं म्हणून वळले, तर त्या बाई स्वतःच पुढे आल्या. पदराला हात पुसत राहिल्या. सगळ्या मुली त्यांना माशी म्हणत. बंगालीत मावशीला माशी म्हणतात, यावरून आमच्या घरी पूर्वी बरंच हसून झालं होतं. त्या वेळी मला काही हसू आलं नाही.

"माशी, तुम्ही लगेच पुसलंत?" मुलीने बंगालीत विचारलं.

"नाही ग. आधी फुंकर मारली," त्या म्हणाल्या. "उडाले नाहीत, म्हणून पुसले."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हसली. त्याही हसल्या, जरा घाबरतच. मला मुख्याध्यापिकांकडे जायचं काही कारण उरलं नाही. चित्रकलेच्या बाई कागद उतरवायला निघाल्या होत्या, तर हिने "राहू दे" म्हणून सांगितलं. खरे किडे पुसले तरी असाच डाग पडतो, असं तिचं म्हणणं.

बक्षीस एका भुंग्याला मिळालं. चांगला होता तो, मलाही आवडला.

घरी जाताना ऑटोत मी विचारलं, "वाईट वाटतंय का अजून?"

"थोडं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आई, मागचे पाय चुकलेत माझे. सगळ्याच किड्यांचे. कुणाला कळलं नाही."