तांबट बोलतोय का?

रशीदच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी थेरगावच्या नदीकाठीच होतो. "काका, अब्बा गेले... झोपेतच," ती म्हणाली. मी तिला पुन्हा सांगायला लावलं. विश्वास बसला नाही म्हणून, की नीट ऐकू आलं नाही म्हणून, हे मला अजूनही सांगता येत नाही.

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं प्रेस शॉपला होतो, मशीनला मशीन लागून. पत्र्यावर डाय आदळली की पायाखालची जमीन हलायची. कानात बोळे घालायचा नियम होता, पण उकाड्यात ते कोण घालणार! बोलणं सगळं हातांनी. खांद्यावर दोन थापा म्हणजे 'इकडे बघ'. ही भाषा रशीद घरीही घेऊन गेला. जेवताना पाणी हवं असलं की नुसता अंगठा ओठाशी न्यायचा आणि भाभी वैतागायच्या, की अल्लानं तोंड कशाला दिलंय मग.

निवृत्तीनंतर त्याला पक्ष्यांचं वेड लागलं आणि त्याच्या नादानं मला. थंडी सरू लागली की रोज सकाळी नदीकाठी. दुर्बीणवाली मंडळी एकमेकांना गप्प करत असायची, आम्हाला त्याची गरजच नव्हती. त्याची नजर घारीची, माझी अधू. आवाज मी टिपायचा, पक्षी त्यानं हुडकायचा आणि माझ्या खांद्यावर दोन थापा मारायच्या. बारीक आवाजाचे पक्षी त्याच्यासाठी कधीच मुके झाले होते. उरला होता तो तांबट. उंबरावर बसून टुक टुक पत्रा ठोकणारा. "आपल्याच डिपार्टमेंटचा हाय राव," रशीद म्हणायचा.

यंदा पळस फुलला तेव्हाची गोष्ट, आमची शेवटची फेरी. उंबराखाली रशीद थांबला, वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"गळा फुगतोय त्याचा. बोलतोय का रे?"

मी होकारार्थी मान डोलावली. 

"म्हणजे हा पण गेला," तो म्हणाला. "तू जप, भावा. तुझी मशीन माझ्या शेजारीच होती."

तेव्हापासून कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि बायकोला विचारून ताळा करतो. ती हसते, मला मात्र भीती वाटते.

काल पुन्हा उंबराखाली गेलो. झाड गप्प होतं. तांबट आलाच नव्हता, की वर बसून बोलत होता आणि मलाच... फांदी न् फांदी पाहिली, डोळ्यांना काही सापडेना. रशीदनं एका नजरेत सांगितलं असतं. मी खांदा सैल सोडून तसाच उभा राहिलो, दोन थापांची वाट बघत.