शांती वाटत नाही
नव्या, लहान कंपन्यांना सुरुवातीच्या दिवसांत पैसे देणाऱ्याला ‘एंजल’ म्हणतात आणि आता मीही त्यांतली एक, हे मी नगरच्या नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बाई गं, गुडघ्याला पट्टा बांधणारा देवदूत पहिल्यांदाच ऐकतेय!”

बँकेच्या बदलीने मी कोलकात्यात आले आणि निवृत्त झाल्यावर डमडमलाच राहिले. अशा कंपन्यांत मिळून पैसे घालणारा आमच्या चर्चमधल्या आठ जणांचा एक गट आहे. दारू, तंबाखू, जुगार यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, माती-पाणी नासवणाऱ्या धंद्यात पैसा घालायचा नाही आणि नफा उशिरा आला तरी कुरकुर करायची नाही, असं आमचं ठरलेलं. कर्जाच्या फायली उपसण्यात जन्म गेलेली त्यांत मी एकटीच, त्यामुळे जागेवर जाऊन पाहणी करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आमचा एक नियम आहे. निर्णयाआधी प्रार्थना, मग पाच मिनिटं शांत बसायचं. त्यानंतर कुणी एकानेही “मला शांती वाटत नाही” म्हटलं, की विषय तीन महिने पुढे. का, ते कुणी विचारायचं नाही. तो इशारा देवाकडून आला असं आम्ही धरतो.

बराकपूरला एक तिशीची मुलगी तळ्यांतली जलपर्णी काढून, वाळवून तिचं पॅकिंगचं सामान करायची. थर्मोकोलऐवजी वापरता येईल असं. हाताखाली बारा बायका. मी दोनदा जाऊन आले. सगळं वाळवण गच्चीवर, उन्हाच्या भरवशावर. पावसाळ्यात माल कुजतो, म्हणून तिला जूनच्या आत वाळवण्याचं यंत्र हवं होतं. ते मिळालं नाही तर बायकांना घरी पाठवावं लागेल, हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. काम चोख होतं. मी अहवालात तसं लिहिलंही.

बैठक एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी, एस्प्लनेडजवळच्या हॉलमध्ये होती. त्या आठवड्यातली माझी ती चौथी फेरी. घामाने साडी पाठीला चिकटली होती. त्याआधी दोन तरुणांनी पृथ्वी वाचवण्याबद्दल तासभर पडद्यावर चित्रं दाखवली होती आणि मला पृथ्वीचा मनापासून कंटाळा आला होता. बराकपूरच्या मुलीच्या प्रस्तावाला होकार म्हणजे यंत्राची चौकशी, करारनामा, दर महिन्याला बराकपूर, आणि ते सगळं मीच करायचं. बाकीचे सात जण उंटावरून शेळ्या हाकणार. प्रार्थना झाली. पाच मिनिटं मी डोळे मिटून बसले आणि खरं सांगायचं तर देवाशी एक शब्दही बोलले नाही. डोळे उघडून म्हणाले, “मला शांती वाटत नाही.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाहणी केलेल्या बाईलाच शांती नाही म्हटल्यावर कोण काय बोलणार? अध्यक्षांनी तर माझे आभार मानले. मेट्रोत बसायला जागा मिळाली, मला फार हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं म्हणजेच शांती असं मी स्वतःला पटवलंसुद्धा.

जुलैत पुन्हा विषय निघायचा म्हणून मी बराकपूरला गेले. गच्चीवर काळा, कुजका ढीग. खाली खोलीत ती एकटीच. बाराही बायका गेल्या होत्या, दोघी तर लोकांकडे भांडी घासायला लागल्या होत्या. मला वाटलं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. आमच्या गटातल्या कुणीतरी तिला नियम समजावून सांगितला होता. तिने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि वही उघडून समोर बसली.

“मासीमा, आपके ठाकुर ने हमारे काम में क्या दोष देखा? बोलिए ना, हम ठीक कर लेगा.”

ठाकुर म्हणजे तिच्या भाषेत देव. इतक्या वर्षांत मी कितीतरी अर्ज नाकारले, पण प्रत्येकाखाली सही माझी असायची. या वेळी मी देवाच्या नावावर बिल फाडलं होतं.

“तुम्हारे काम में कोई दोष नहीं था,” मी म्हणाले. “उस दिन मैं थकी हुई थी. बस, इतना ही.”

ती नम्रपणे हसली. पेन कागदावर टेकवून, खरं कारण मी आता सांगेन म्हणून थांबून राहिली.