एकोणसाठ अंश पंचेचाळीस मिनिटं

आपल्यातला कुणी मोठा झाला, हे आमच्याकडे पेपरात छापून आल्याशिवाय कळत नाही. त्या वर्षीही तसंच झालं. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, तालुक्याच्या गावात एसटीडी बूथच्या पाट्या लागल्या होत्या, परदेशी थंड पेय पानटपरीवर मिळायला लागलं होतं. अशात एका सकाळी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. वर्णपटशास्त्रात आयुष्य घालवलेल्या काही शास्त्रज्ञांचा मुंबईत गौरव झाला होता, आणि त्यांतले एक मूळचे बीड जिल्ह्यातले, नांदूरघाटाकडचे होते. बीएस्सी आमच्याच कॉलेजातून, अगदी सुरुवातीच्या तुकडीतले.

तीस वर्षं हा माणूस प्रकाशाच्या रेघा मोजत बसला होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. पेपर आला आणि दुपारपर्यंत तो आमचा झाला. संस्थेच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली आणि सत्काराचा ठराव एकमताने मंजूर झाला. मग कुणीतरी विचारलं की हे गृहस्थ नेमकं करतात काय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक मी. मी सांगितलं की कुठलाही पदार्थ पेटवला की तो आपल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देतो, तो प्रकाश फाकवून त्याच्या रेघा पाहिल्या की पदार्थ ओळखता येतो, अगदी ताऱ्यातलासुद्धा. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग याच कार्यक्रमात आपल्या नव्या संगणक केंद्राचं उद्घाटनही उरकून घेऊ, मांडव एकाच खर्चात होईल.

निमंत्रण गेलं. आठ दिवसांत उत्तर आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, एकाच पानाचं. सत्काराला आपली हरकत नाही, पण आपली एक अट आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. कार्यक्रमाआधी एक तास बीएस्सीच्या मुलांबरोबर प्रयोगशाळेत हवा. सोडियमचा दिवा आणि आपल्या वेळचा तो वर्णपटमापक टेबलावर मांडून ठेवावा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात दोन जवळजवळच्या रेषा असतात, त्या प्रत्येक मुलाने स्वतःच्या डोळ्याने पाहाव्यात एवढीच इच्छा आहे. बाकी शाल घाला, नारळ द्या, काय वाटेल ते करा.

अध्यक्षांना हा माणूस फारच स्वस्तात पटला असं वाटलं. मला मात्र ती अट महाग वाटली. का, ते सांगतो. इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे तो वर्णपटमापक होता. उत्तम होता, परदेशी बनावटीचा, काळ्या रंगाचा, पितळी चकतीवर अंश कोरलेला. तो लोखंडी कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांच्या करदोट्याला. महागडी वस्तू, मुलांनी हात लावला आणि बिघडली तर जबाबदार कोण, म्हणून ती बाहेर निघायची वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. मामा तिला हळद-कुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे, आम्ही सगळे हात जोडायचो, पेढा खायचो, आणि यंत्र परत कपाटात जायचं. शस्त्रपूजेचं आमच्याकडे कधी चुकलं नाही. शस्त्र चालवायचं तेवढं राहिलं.

मग मुलं प्रयोग कसा करायची? करायचीच नाहीत. प्रत्येक तुकडी जाताना आपल्या प्रयोगवह्या पुढच्या तुकडीला देऊन जायची आणि पुढची तुकडी त्यातले आकडे उतरवून काढायची. प्रिझमचा कोन एकोणसाठ अंश पंचेचाळीस मिनिटं. गेल्या वर्षी तेवढाच, यंदा तेवढाच, पुढच्या वर्षीही तेवढाच. मी स्वतः याच कॉलेजात शिकलो तेव्हा मीही तोच आकडा उतरवला होता, आणि मास्तर झाल्यावर त्याच आकड्याखाली लाल शाईने सह्या करत होतो. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षकही भले लोक. त्यांचंही कॉलेज असंच चालायचं, त्यामुळे जेवण बरं असलं की आकडे बरोबर निघायचे.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्या दोन रेषा मी स्वतः कधीच पाहिल्या नव्हत्या. बारा वर्षं मी त्या फळ्यावर काढत होतो. खडूने दोन उभ्या रेघा ओढायच्या आणि खाली तरंगलांबी लिहायची. मुलं उतरवून घ्यायची. पण डोळ्याने पाहिलेल्या नव्हत्या. पत्र वाचल्यावर मला भीती वाटली हे खरं, पण त्या भीतीच्या आत कुठेतरी हावही होती. तो तास व्हावा असं मला मनापासून वाटत होतं.

तयारी सुरू झाली. कॉलेजची तयारी आणि माझी तयारी, अशा दोन तयाऱ्या. कॉलेजने मांडव घातला, कमान उभारली आणि एका मोठ्या नेत्यांना अध्यक्षस्थानी बोलावलं. मग बैठकीत असा विचार निघाला की एकट्याच शास्त्रज्ञाचा सत्कार बरा दिसत नाही, दुसऱ्या गटाचाही एखादा असावा. शोधाशोध करून एका साखर कारखान्यातले केमिस्ट सापडले. ते बिचारे सांगत होते की मी उसाच्या रसातली साखर मोजतो, माझा वर्णपटाशी संबंध नाही. अध्यक्षांनी त्यांना विचारलं की नळीला डोळा लावून बघता का. ते हो म्हणाले. तेवढ्यावर आमच्या तालुक्यात वर्णपटशास्त्रज्ञ दोन झाले.

मी मामांकडून कपाट उघडून घेतलं. यंत्राची जी बारीक फट असते, जिच्यातून प्रकाश आत येतो, ती वर्षानुवर्षांच्या हळदीने गच्च बुजली होती. प्रिझमवर कुंकवाचं बोट वाळलेलं होतं. मी दोन दिवस स्पिरिट, मऊ कापड आणि सुई घेऊन बसलो. मामांना हे आवडलं नाही. देवाचं पुसू नये, म्हणाले. सोडियमचा दिवा लावला तर तो लागेना, किती वर्षांपूर्वी गेला होता कुणालाच माहीत नव्हतं. मग अंबाजोगाईच्या एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून एक दिवा उसना आणला. येताना एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं की बाळ किती महिन्यांचं आहे, कारण मी तो टॉवेलात गुंडाळला होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी एकट्याने दिवा लावून यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावला. पिवळा धुरकट डाग दिसला. स्क्रू फिरवला, डाग मोठा झाला. उलटा फिरवला, नाहीसा झाला. पदार्थविज्ञानातला माझा प्रथम वर्ग त्या डागापुढे थिटा पडला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ते एसटीने आले. जीप पाठवली होती ती दुसऱ्या रस्त्याने गेली होती, हे मागाहून कळलं. खांद्यावर कापडी पिशवी, पायात साध्या चपला. गेटावरच्या स्वयंसेवकाने त्यांना मांडवात मागच्या बाजूला बसायला सांगितलं. मी ओळखून धावलो नसतो तर तिथेच बसले असते. प्रयोगशाळेतला तास दहा ते अकरा असा ठरला होता, पण अध्यक्षांच्या घरी नाश्ता लागला होता, आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता. नाश्त्यानंतर उघड्या जीपमधून गावातून फेरी. साडेअकराला ते मला म्हणाले, आता तरी चला.

प्रयोगशाळेत एकही मुलगा नव्हता. सगळ्या बीएस्सीला स्वयंसेवक नेमलं होतं. कुणी पाणी वाटत होता, कुणी हार मोजत होता, मुली स्वागतगीताला उभ्या होत्या. मी मामांना मुलं बोलवायला पाठवलं आणि दिव्याचं बटण दाबलं. असा दिवा लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबी पेटतो, तापायला दहा मिनिटं लागतात.

तेवढ्या वेळात त्यांनी टेबलावरच्या वह्या पाहायला घेतल्या. मीच त्या हौसेने मांडून ठेवल्या होत्या, तपकिरी कागदाची कव्हरं घालून, नीट चळत करून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी एक उघडली, वाचली. दुसरी उघडली. तिसरी उघडली आणि मग कपाटाजवळ ठेवलेल्या जुन्या वह्यांतली एक ओढून पाहिली.

"हे आकडे कुणी घेतले?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, विद्यार्थ्यांनी.

ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "हा आकडा माझा हाय, सर," ते म्हणाले. "या चकतीवर अर्ध्या अर्ध्या अंशाला रेघ हाय. दुप्पट कोन मोजून निम्मा करायचा, त्यात ती एक रेघ मोजायची राहिली माझी. कोन पुरा साठ हाय. मास्तरांनी सांगितलं होतं, पुन्हा घे म्हणून. पण मी गावाकडं गेलतो, राहून गेलं."

मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांची एक दिवसाची चूक आम्ही पंचवीस-तीस वर्षं जपली होती. इतकी जपणूक आम्ही कशाचीच केली नव्हती. मी काहीतरी बोलायला लागलो, पण त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "ते जाऊ द्या. तुमी तरी बघितल्यात का त्या दोन रेषा?"

मी नाही म्हणालो. असं खरं बोलायची मला सवय नव्हती.

"मग या," म्हणाले. त्यांनी पिशवीतून छोटी लाकडी डबी काढली, तिच्यात कापसात ठेवलेली एक काच होती, अतिशय बारीक रेघा आखलेली, प्रकाश प्रिझमहून जास्त फाकवणारी. ती प्रिझमच्या जागी बसवली, डोळा लावला, दोन बोटांनी स्क्रू थोडा फिरवला. ज्या स्क्रूशी मी आदल्या संध्याकाळी कुस्ती खेळलो होतो तो त्यांच्या हातात गप्प फिरत होता. दिवा अजून गुलाबीच होता, कडेने जरा पिवळा होऊ लागला होता. पाच मिनिटं थांबा, म्हणाले.

पाच मिनिटं मिळाली नाहीत. मामा परत आले. मुलं आणायला गेलेला माणूस अध्यक्षांना घेऊन आला होता. नेते वेळेआधी आले होते. आमच्याकडे नेते वेळेआधी येण्याची ती पहिलीच वेळ असावी, आणि ती नेमकी तेव्हाच आली. अध्यक्षांनी शास्त्रज्ञांचा दंड धरला. मघाशी मुलं बोलवायला निघालेले मामा दारात रेंगाळून आकड्याचं बोलणं ऐकूनच गेले होते. जाता जाता त्यांनी अध्यक्षांच्या कानात तेही घातलं, त्यांच्या परीने.

पुढचे अडीच तास सत्कार चालला. आधी नेत्यांचा, मग अध्यक्षांचा, मग संगणक केंद्राचं कंत्राट घेतलेल्यांचा, मग मांडववाल्यांचा. केमिस्ट साहेबांना शाल मिळाली तेव्हा ते घामाघूम झाले होते. शेवटी आमच्या शास्त्रज्ञांची पाळी आली. मानपत्र मीच लिहिलं होतं आणि ते वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच होतं. ते संपल्यावर अध्यक्षांनी माइक घेतला.

"आणिक एक गोष्ट तुमाला माहीत न्हाई," ते म्हणाले. "साहेबांनी इथं शिकताना जे संशोधन केलं, त्याच आकड्यावर आपलं कॉलेज आजपत्तर चालू हाय. एक मिनिटाचासुद्धा फरक न्हाई."

मांडव टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारचे रसायनशास्त्राचे प्राध्यापकही टाळ्या वाजवत होते, आणि त्यांना तरी माहीत असायला हवं होतं.

ते उत्तराला उठले. भाषण लांबलं नाही. मुंबईतल्या गौरवाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, तो आकडा चुकलेला आहे, माझ्या हातून चुकला आहे, खरा कोन साठ अंश आहे. तुमच्यापैकी एकाने जरी यंत्राला डोळा लावला असता तरी तो पहिल्याच दिवशी सापडला असता. आजही वेळ गेलेली नाही, यंत्र टेबलावर मांडलेलं आहे, दिवा चालू आहे. एवढं बोलून ते बसले. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस आहे. आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

जेवणाच्या पंगती बसल्या. त्यांना परळीहून गाडी गाठायची होती, म्हणून ते ताटावरून लवकर उठले. मला म्हणाले, मुलांना दाखवा, काच टेबलावरच ठेवली आहे, तुमच्याकडेच राहू द्या. मी हो म्हणालो. मग नेत्यांच्या पंगतीत वाढपी कमी पडले म्हणून मी भाताचं पातेलं घेऊन तिकडे गेलो. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मामांनी दिवा बंद करून टॉवेलात गुंडाळला होता, यंत्र त्या काचेसकट कपाटात ठेवलं होतं आणि किल्ली करदोट्याला होती. विजेचं बिल वाढतंय, म्हणाले. मी पुन्हा उघडा म्हणू शकलो असतो. दिवा अजून दोन दिवस माझ्याकडे होता. म्हणालो नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत प्रयोगवह्या सहीला आल्या. मी पहिली उघडली. प्रिझमचा कोन साठ अंश शून्य मिनिटं. दुसरी उघडली, साठ. तिसरी, साठ. सगळ्या तुकडीने साठ लिहिलं होतं, बारीक अक्षरात, अधोरेखित करून. कपाट त्या वर्षभरात खंडेनवमीशिवाय उघडलं नव्हतं. वह्या घेऊन आलेली मुलगी टेबलापाशी उभी होती. हुशार मुलगी, मांडवात पुढच्या रांगेत बसून तिने ते भाषण ऐकलं होतं. "सर, आता बरोबर हाय ना?" तिने विचारलं.

बरोबर आहे, मी म्हणालो, आणि सही केली.