दोन पट्ट्या कमी

माल बांधून झाला की तो त्याला खांदा लावून धक्का द्यायचा. एकदा, दोनदा, मग जरा मागे सरून जोरात. आणि आमच्याकडे वळून म्हणायचा, "हालून नाही राहिला, बाबू. आता जाऊ द्या."

नागपूरच्या अलीकडे, शहापूरजवळ हायवेवर आमचा कारखाना होता. पंपांचे ओतीव भाग बनत. सत्तरचं दशक संपता संपता माल पॅलेटवर, म्हणजे जाड फळ्यांच्या बैठकीवर, बांधून पाठवायची पद्धत आली. खोकी रचायची, कोपऱ्यांना गोणपाटाच्या घड्या द्यायच्या आणि वरून लोखंडी पट्ट्या आवळायच्या. दोन उभ्या, दोन आडव्या. मी डिस्पॅच क्लार्क, तो बांधणाऱ्यांचा मुकादम. गाव लाखांदूरकडचं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला ढिली गाठ बघवत नाही. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा दोर सैल दिसला की हा आडवा होऊन हात करायचा. एकदा एक ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला आणि तासाभराने त्याला चहा पाजून गेला.

आम्ही घर बदललं तेव्हा सामान त्यानेच बांधलं. लोणच्याची बरणी भाताच्या तणसात बसवून, खोक्याला वरून पट्टी मारून. बरणीला ओरखडा गेला नाही, पण ते खोकं आम्हाला दोन दिवस उघडता आलं नाही. तिसऱ्या दिवशी तोच कातरी घेऊन आला. बायकोला म्हणाला, "वहिनी, बांधतानी उघडाचं ध्यानातच नाही राहत मले."

मग तो दिवस आला. नागपूरचा ट्रक दारात उभा, मॅनेजर घाई करत होते आणि पट्टीचं भेंडोळं संपलं. नवीन दुसऱ्या दिवशी येणार होतं. शेवटच्या पॅलेटवर दोनच पट्ट्या बसल्या होत्या.

"उद्या पाठवू, बाबू. माल हालते," तो म्हणाला.

"दोर बांध आणि जाऊ दे," मी म्हणालो. " जबाबदारी माझी."

"तुमी म्हणता तर..." त्याने दोर आवळला. खांदा लावला. आमच्याकडे वळून काही म्हणाला मात्र नाही.

वाटेत खोकी सरकली. नागपूरला ट्रकचा मागचा फाळका उघडताच एक खोकं तिथल्या हमालाच्या पायावर पडलं. पाय कायमचा अधू झाला.

मॅनेजरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "दोनच पट्ट्या कुणी मारायला सांगितल्या?"

तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. मी बोलेन, याची वाट बघितल्यासारखा.

"मी चार सांगितल्या होत्या," मी म्हणालो.

त्याने माझ्यावरची नजर काढली. मग तो म्हणाला, "चुकलं माह्यानं, साहेब. त्या माणसाचं कसं हाये आता?"

त्याच दिवशी त्याला काढलं. मी फाटकापर्यंतही गेलो नाही. खिडकीतून बघितलं. डब्याची पिशवी हातात घेऊन तो शहापूरच्या दिशेने चालला होता.

पाच-सहा वर्षं मी रोज ठरवायचो आणि जायचो नाही. शेवटी एका रविवारी लाखांदूरची एसटी धरली. मॅनेजरांसमोर नाही, निदान त्याच्यासमोर तरी बोलून टाकायचं होतं. घर सापडलं. तो मागच्या पोळ्याच्या आधी तापाने गेला होता.

मी नाव सांगताच त्याची बायको लगबगीने उठली. बाज टाकली, तिच्यावर धुतलेली चादर अंथरली. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुमीच का ते बाबू! लय नाव घेत तुमचं. म्हणत, बाबू मधात पडले म्हणून मले पोलिसात नाही देलं."

कप माझ्या हातात होता. बोलायला याहून सोपी वेळ आली नसती.

"तसं काही नाही हो," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मोठी माणसं असंच म्हणतेत," ती म्हणाली आणि पदर सावरून माझ्या पाया पडायला वाकली.