फरशीवाल्याचं बदक

माझे सासरे फरश्या बसवायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघायचे, मग माणसांकडे. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा आई पाण्याचा पेला घेऊन उभी आणि हे गुडघ्यावर बसून स्वयंपाकघराचा ढाळ बघतायत. "पाणी त्या कोपऱ्यात साचत असेल," म्हणाले. साचत होतंच. आईला ते मुळीच आवडलं नाही. मला मात्र या माणसाच्या घरी आपलं जमेल असं तेव्हाच वाटून गेलं.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरामागचं अंगण मातीचं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सासूबाई सांगून सांगून थकल्या. शेवटी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गुडघ्यांनी संप पुकारला, काम सुटलं, तेव्हा कुठे त्यांनी उरल्यासुरल्या लाद्या काढून अंगण करायला घेतलं. मालकाची कटकट नाही, कुणाची घाई नाही. एखादी लादी मनासारखी बसली नाही तर उचलून पुन्हा बसवायची. पुरं झालं तेव्हा ते असं गुळगुळीत होतं की सांडलेली साखर बोटाने गोळा करून खावी. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बाबा त्यावर अनवाणी फेऱ्या मारायचे आणि त्यांच्या मागे मास्तरीण.

मास्तरीण म्हणजे आमचं बदक. एका बांधकामावर वाळूच्या ढिगात पिल्लू सापडलं, ते बाबांनी घमेल्यात घालून घरी आणलं होतं. मान ताठ, छाती पुढे, दिसेल त्या वस्तूवर चोचीने शेरा. तिच्या लेखी बाबा सोडून आम्ही सगळे नापास.

एका संध्याकाळी अंगण नुकतंच धुतलं होतं. मास्तरीण नेहमीच्या तोऱ्यात बाबांकडे धावली आणि घसरली. एक पाय बाजूला फाकला तो फाकलाच. ओरडलीसुद्धा नाही, नुसती पंख आपटत राहिली. बाबांनी अंगातला सदरा काढून तिला त्यात गुंडाळलं आणि बनियनवरच जनावरांच्या डॉक्टरकडे गेले.

परत आल्यावर म्हणाले, "हाड शाबूत आहे. मांडीत ताण बसलाय. पाय बांधायचे, पाण्यात तरंगवायचं. होईल बरी."

मग जी सेवा सुरू झाली! दोन्ही पायांत बेताचं अंतर ठेवून मऊ पट्टी बांधायची, म्हणजे दुखरा पाय पुन्हा फाकत नाही. टबात कोमट पाणी भरून, पोटाखाली हात धरून तिला सोडायचं. पाण्यात पायावर भार पडत नाही, तो आपसूक हलतो. नंतर पिसं टिपून जुन्या चादरीवर ठेवायचं आणि मटार सोलून भरवायचे.

"माझे गुडघे दुखत होते तेव्हा कुणी मटार सोलले नाहीत ते," सासूबाई म्हणाल्या.

"तू मागू शकतेस. तिला बिचारीला मागता येत नाही."

"मागून मिळालं नाही, तेही सांगा की!"

पाण्यात ती छान पाय मारायची. अंगणात ठेवली की पुन्हा घसरायची. पोती अंथरली, तर ती गोळा होऊन पायात यायची. बाबांनी पोत्यांना शिव्या दिल्या, पट्टीला दिल्या, शेवटी मास्तरणीच्या हट्टी स्वभावाचाही उद्धार केला. फरशीला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत.

पुढच्या तपासणीला बाबांचे गुडघे धरले होते, म्हणून मी तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितला. "माती केली का?" त्यांनी विचारलं.

"कसली माती?"

"आजोबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गुळगुळीत फरशीवर हा पाय धरणार नाही. मऊ जमीन हवी, नाहीतर असाच राहील."

मी तणतणत घरी आले आणि टोपली बाबांपुढे ठेवली. "बाबा, तुम्ही आम्हाला अर्धंच सांगितलंत."

त्यांनी नाही म्हटलं नाही. टोपलीतल्या मास्तरणीची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "जन्मभर फरश्या बसवल्या. काम संपलं की मालक आत, मी बाहेर. पुन्हा त्यांच्यावर पाय ठेवायला मिळाला नाही. ही एकच आहे गं, जिच्यावर मी चालतो."

माझा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला मी मुद्दाम धरून ठेवला, कारण टोपलीत ती मान टाकून बसली होती. "अंगण तुमचं आहे, बाबा. पाय तिचा आहे."

ज्या सासूबाईंनी या अंगणासाठी त्यांचं डोकं खाल्लं होतं, त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला काय, चिखलाची सवय होतीच."

सकाळी मी उठले तर बाबा अंगणात ओणवे होऊन एकेक लादी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघत होते. मला वाटलं, अजून टाळाटाळच चाललीय.

"काय शोधताय?"

"पोकळ लादी. खाली भराव कमी पडला की आवाज बदलतो. तिथून छिन्नी सहज शिरते."

टोकापर्यंत गेले आणि कमरेला हात लावून उठले. "एकही पोकळ नाही गं," म्हणाले. कौतुकाने म्हणाले की रडवेले होऊन, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या नवऱ्याने हातोडी मागितली, ती बाबांनी दिली नाही. अंगणाच्या मधोमध छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला. दिवसभर तो आवाज घरात घुमत होता. मला तो ऐकवेना.

मातीवर मास्तरणीचा पाय ठरला. हळूहळू ती चालू लागली, चिखलात चोच खुपसू लागली, आम्हाला पुन्हा नापास करू लागली. लंगडणं मात्र गेलं नाही. शेवटच्या तपासणीला बाबा आणि मी दोघं गेलो. तिथे त्यांनी घसा खाकरून विचारलं, "मी आधीच फरशी फोडली असती, तर सरळ चालली असती का?"

"सांगता येत नाही, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित तरीही लंगडली असती."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाल्या?"

बाबांनी मास्तरणीला मातीवर सोडलं आणि तिच्याकडे बघतच उत्तर दिलं, "म्हणाल्या, मी वेळेवर फोडली असती तर सरळ चालली असती."

मी तोंड उघडलं. बाबांनी मान हलवून मला गप्प केलं.