लाईव्ह लोकेशन

धुळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून मला नोकरी लागली, तेव्हा पहिला फोन मी त्यालाच केला. आमचा साखरपुडा झाला होता आणि माणूस माझ्याच पसंतीचा होता. जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या घरी तो पेढे घेऊन आला. माझ्या फोनमधलं लाईव्ह लोकेशन त्यानेच चालू करून दिलं. "रोज जळगाव-धुळे जाणं-येणं. मला काळजी वाटते गं," म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मग पारोळ्याला एसटी थांबली की फोन यायचा. "शेजारी कोण बसलंय? कॅमेरा फिरव." मी फिरवायचे. शेजारची बाई पदर ओढून तोंड वळवायची. हळूहळू मी बसमध्ये कोणाशी बोलेनाशी झाले. डबाही एकटीच खाऊ लागले, कारण सोबत कोण होतं याचा जाब संध्याकाळी द्यावा लागे.

एका दुपारी प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती आणि फोन कपाटात होता. वर पाहिलं तर तो दारात. मोटारसायकलवर जळगावहून थेट आलेला, घामाने निथळत. मुलांदेखत त्याने माझं मनगट धरलं.

"फोन का नाही उचललास? कोणासोबत होतीस?"

"हात सोड."

त्याने आणखी आवळला. बांगडी फुटली, काच रुतली. त्याचे डोळे भरून आले होते. तो खरंच रडत होता, आणि मला भीती वाटली ती त्या रडण्याचीच. शेवटी शिपाई मध्ये पडला, तेव्हा हात सुटला.

मी ठरलेलं लग्न मोडलं. त्याची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. "तो तुले इतला जीव लावस," ती म्हणाली, "आखो काय जोयजे तुले?"

आणखी काय पाहिजे तुला, हाच प्रश्न आमच्या घरातही होता. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते म्हणाले, "मारलं तर नाही ना त्याने?"

"उद्या मारेल, नाना."

"उद्याचं कोणी पाहिलंय?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी धुळ्यात खोली घेतली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सगळ्या लेकी माहेरी येतात, म्हणून मीही गेले. नाना दाराशी बसले होते. मला पाहून उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. आईने घाईघाईत ताट वाढलं, आमरसाची वाटी पुढे सरकवली.

"जेव लवकर," ती म्हणाली, "ते यायच्या आत आटप."