एका घरात दोन पागोटी

शहागंजात माझं लोकर-घोंगड्यांचं दुकान, आणि त्याला लागून मियाँचं टोप्या-फेट्यांचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं राजे बदलायचो. म्हणजे इतिहासात जो गादीवर बसला त्याला उठवायचं, जो हरला त्याला बसवायचं, आणि मग पुढं काय झालं असतं ते भांडून ठरवायचं.

आमचं भांडण बहुतेक एकाच गादीवर अडकायचं. मराठ्यांचा एक राजपुत्र लहानपणीच मोगलांच्या कैदेत गेला आणि त्यांच्या छावणीतच वाढला. इकडं त्याच्या चुलत्यानं राज्य चालवलं. चुलता वारल्यावर चुलतीनं आपल्या लहानग्या मुलाला गादीवर बसवलं आणि स्वतः बादशहाशी लढत राहिली. बादशहा मेला, राजपुत्र सुटला आणि परत आला, तर चुलती म्हणाली, हा तोतया आहे. आणि खरा असला तरी राज्य आम्ही राखलं, याचा हक्क कसला? तिनं सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. तरी ऐन लढाईत तिचा सेनापती राजपुत्राकडं गेला. राजपुत्र साताऱ्याला बसला, चुलतीनं कोल्हापूरकडं वेगळी गादी मांडली.

मी राजपुत्राच्या बाजूचा. मियाँ चुलतीच्या.

"शेठ, वो औरत बरसों लडी," मियाँ सुई-दोरा चालवता चालवता म्हणायचा. "तुमारा शहजादा क्या कर रा था? छावनी में पुलाव खा रा था."

"कैदेत होता तो! हौसेनं गेला होता का?"

"हौ, कैद में था. मगर घर में तो नै था ना? जो घर में था, उसने घर संभाला."

घरात नव्हता, हे शब्द आले की माझं डोकं फिरायचं. एकदा मी हातातला लोखंडी गज त्याच्या टोप्यांच्या कपाटावर हाणला होता. काच दुसऱ्या दिवशी मी बसवून दिली. पण माफी मागितली नाही, कारण मुद्दा माझा बरोबर होता.

मला राग का यायचा, हे सांगायला आमच्या घरचं सांगावं लागेल.

आम्ही पिशोरकडचे धनगर. वडिलांचं लग्न झालं, पण थोरल्या आईला बरीच वर्षं मूल झालं नाही. म्हणून त्यांनी माझ्या आईशी पाट लावला. ती पाचोडजवळच्या एका गावची, तरुणपणीच विधवा झालेली. मी जन्मलो. आणि मी बकरूं उचलण्याइतका झालो तेव्हा थोरल्या आईला मुलगा झाला. तेव्हापासून घरात एक प्रश्न कुणी न बोलता पडून होता. वयानं मोठा मी. पण तो लग्नाच्या बायकोचा आणि मी पाटाच्या.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्यानंतर थोड्याच वर्षांत मी शहरात आलो. पाठीवर लोकरीचे गठ्ठे वाहिले, मग गठ्ठे तोलायला लागलो, मग विकत घ्यायला. मला कुणी हात धरून वर आणलेलं नाही. धाकटा मात्र मेंढरांमागं राहिला. पावसाळ्यानंतर आमच्या भावकीचे सगळे कळप देवापुढं एकत्र येतात, तेव्हा पहिला भंडारा उधळायचा मान आमच्या घराचा. वडील गेले की तो मान ज्याच्या डोक्याला पागोटं बांधलं जाईल त्याचा. तंटा मिटवताना शेवटचा शब्दही त्याचाच. पैशाचा यात काही संबंध नाही. पैसा मी मिळवला होता. मला तो शब्द हवा होता.

पागोटं तेराव्याच्या दिवशी बांधतात, आणि ते मामानं आणायचं असतं. मामा नसेल तर पागोटं नाही.

वडील गेले ते मोठ्या दुष्काळाचं वर्ष. विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायच्या कामावर. दहावा करून मी शहरात परत आलो, कारण बाजारात माझी गरज होती. त्या वर्षी लोक मेंढरं, घोंगड्या, लोकर, जे असेल ते विकत होते. ठरलं असं की तेराव्याला सकाळी माझा मामा पाचोडहून पागोटं घेऊन शहरात येईल आणि आम्ही दोघं मिळून पिशोरला जाऊ.

मी बसस्टँडवर उभा राहिलो. पहिल्या गाडीला मामा आला नाही. दुसरीलाही नाही. उन्हं माथ्यावर येऊन गेली तेव्हा तो उतरला, काखेत पुडकं, आणि चेहरा असा की लढाई जिंकून आला.

"लई चिकट दुकानदार होता," तो म्हणाला. "उठून चालायला लागलो तवा कुठं खाली आला. बघ, कापड बघ!"

"आणि गाडी?"

"गाडी गेली. दुसरी भेटली की."

त्यानं आठवडी बाजारात भाव करता करता गाडी चुकवली होती. मी त्याला काय बोलणार? माझ्यात भाव करायची जी खोड आहे ती त्याच्याच घरची आहे. तो पहाटेचा उपाशी, म्हणून आम्ही स्टँडवरच्या हॉटेलात पुरी-भाजी खाल्ली आणि मिळेल त्या गाडीनं निघालो.

पोहोचलो तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या. पत्रावळींवर कुत्री होती. धाकटा मंडपात पाटावर बसलेला, डोक्याला त्याच्या मामाचं पागोटं. वडिलांचा चुलत भाऊ, म्हणजे माझे काका, त्यांनी पुढाकार घेऊन बांधायला लावलं होतं.

"दिवस कलला रं," काका म्हणाले. "डोकं उघडं ठिवता येत न्हाई."

"दिवस मावळला नव्हता!"

"एका घरात दोन पागोटी नसत्यात. झालं ते झालं."

मामा पुडकं काखेत धरून तसाच उभा होता. धाकटा उठून माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागं घेतला.

एवढंच. बाकी काही भांडण नाही, कोर्ट नाही. मी लग्नकार्याला जात राहिलो, आहेर करत राहिलो. पण भंडाऱ्याच्या दिवशी कधी गेलो नाही, आणि मामाचं पुडकं दुकानातल्या पेटीत ठेवलं. मियाँनं एकदा ते उघडून कापड बोटांवर घेतलं होतं. "माल तो बढिया है, शेठ," एवढंच म्हणाला. कुणाचं हे त्यानं विचारलं नाही, पण पुढं एका दुपारी मीच सांगितलं.

त्यानंतर आमच्या खेळाला खरी धार आली. समजा, राजपुत्र कैदेतच मेला. मियाँ म्हणायचा, अच्छा हुआ, एकच गादी राहिली, घर फुटलं नाही. समजा, सेनापती फिरलाच नाही आणि राजपुत्र हरला. मग तो कुठं गेला असता? मी म्हणायचो, इथंच आला असता. मोगलांची बोली त्याला येत होती, बाजार त्यानं छावणीत पाहिला होता, त्यानं शहागंजात दुकान टाकलं असतं. मियाँ हसून लोळायचा. "और बाजू के टोपीवाले का कपाट फोडता!"

आणि समजा, तो सुटल्याबरोबर तडक गादीकडं गेला असता तर? लोक सांगतात की तो आधी आपल्याला कैदेत ठेवणाऱ्या बादशहाच्या खुलताबादच्या कबरीपर्यंत अनवाणी चालत आला. पिशोरला जाताना खुलताबादची पाटी दिसली की मला त्याचा राग यायचा. तुला घाई नव्हती का बाबा?

मियाँचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पगडी मिलती तो तुम शेठ नै बनते. बकरियाँ चराते." हे मला गावातल्या अर्ध्या लोकांनी सांगितलं आहे. मला ते पटत नाही. दुकान मी कमावलं, ते पागोट्याच्या बदल्यात कुणी मला दिलेलं नाही. दोन वेगळे सौदे आहेत. एकाचा नफा दुसऱ्याच्या खात्यात का घालायचा?

मग धाकटा गेला. छातीत कळ आली आणि गेला. दहाव्यानंतर काका स्वतः दुकानात आले. पार म्हातारे झालेले, नातवाचा हात धरून पायरी चढले.

"आता घरात वडील तूच," ते म्हणाले. "पोरगं अजून नवं हाय, त्याचा शब्द कोण ऐकंल? तुझ्या मामाचं पागोटं हाय का अजून?"

"आहे."

"मग घिऊन ये."

पोरगं म्हणजे माझा पुतण्या. मिशी फुटलेला, लग्नाला आलेला, बापासारखाच मेंढरांमागं राहिलेला. त्याचाही मामा येणार होताच. पण काकांनी शब्द दिला होता, आणि मी तो घेतला. तेराव्याला पहिल्या गाडीनं निघालो, पुडकं मांडीवर. ते बांधून घ्यायलाच नेलं होतं, त्यात लपवायचं काही नाही.

मंडपात सगळी भावकी जमली. पुतण्या बोडक्या डोक्यानं एका खांबाला टेकून उभा होता, आणि सारखा रस्त्याकडं बघत होता. त्याच्या मामाचा पत्ता नव्हता. जालन्याकडून यायचं होतं त्याला. दुपार झाली.

काकांनी वर बघितलं. "दिवस कलायला लागला," ते म्हणाले. "शेठ, काढा पुडकं."

मी पुडक्याची गाठ सोडली. आणि तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, मामा येतोय. वाटंत आसंल."

हेच मी म्हणायला हवं होतं त्या दिवशी, पण म्हणायला मी तिथं नव्हतो. मी गाठ परत मारली.

"थांबू," मी म्हणालो.

"अरं, तुझंच काम हाय, आन् तूच थांब म्हणतो?"

"थांबू म्हणलं ना! दिवस काय पळून जातो?"

काका चिडले, मी त्यांच्याहून चिडलो. कुणी म्हणालं तासभर, मी म्हणालो दिवे लागेपर्यंत. कुणी म्हणालं स्वयंपाक निवतो, मी म्हणालो पुन्हा तापवा, लाकडं माझी. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण स्वतःचा माल स्वतःच अडवून धरायचा सौदा तेवढाच एक. दयेनं केला नाही, हेही सांगतो. मला त्या सगळ्यांना दाखवायचं होतं की थांबता येतं. थांबलं तर आभाळ कोसळत नाही.

दिवेलागणीला पुतण्याचा मामा आला. धुळीनं माखलेला, गाडी वाटेत बंद पडली होती. आता मंडपात दोन पागोटी होती, दोन्ही वेळेवर.

"आता बोल," काका म्हणाले. "कुणाचं बांधायचं?"

"आधी तुम्ही बोला, काका. आज थांबता आलं. मग तवा का नाही थांबलात?"

इतक्या वर्षांचा प्रश्न. मला वाटलं होतं, ते पाटाची बायको काढतील, किंवा मान खाली घालतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"आज पोटात पोहे हायेत सगळ्यांच्या," काका म्हणाले. "सकाळपासून मंडपामागं च्या उकळतोय. तवा दुष्काळ व्हता, लेका. लोकं खडीवरनं आल्ती. तेराव्याचं जेवण म्हंजी लई दिसानं पोटभर. लेकरं पत्रावळी मांडून बसल्याली. पागोटं झाल्याबिगर वाढता येत न्हाई. किती येळ बघावी?"

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"काय सांगू? भूक लागली म्हून तुझा मान दुसऱ्याला दिला, असं? तुला राग आला आसता."

कुणीतरी हसलं. मीही हसलो असतो, पण हसू आलं नाही. मी पुतण्याच्या मामाकडं वळून म्हणालो, "बांधा." त्यानं काकांकडं बघितलं, काकांनी माझ्याकडं. "बांधा, लोकांना जेवायचंय," मी म्हणालो.

तो फेर बांधत असताना मी कापड बघत होतो. कापड हलकं होतं. कुणीतरी त्याला चांगलं फसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मियाँनं माझ्या मांडीवरचं पुडकं बघितलं, तसंच बांधलेलं. त्यानं काही विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, काकांचं बोलणंसुद्धा. त्यानं सुई कापडात खोचून ठेवली.

"वो चुलती ने गलती की," तो म्हणाला. "दूधभात पे हाथ रखाके कसम ली. पहले खाने देना था."

मग त्यानं सवयीनं खेळ सुरू केला. "अच्छा शेठ, समझो, उस दिन वो लोग रुक गए. तुमारा मामा आया शाम को. फिर?"

हा डाव मी कितीतरी वर्षं मनात खेळत आलो होतो. त्यात मी मंडपात शिरायचो, सगळे उठायचे, मामा पुढं व्हायचा. या वेळी शिरलो तर रिकाम्या पत्रावळी मांडून बसलेली पोरं दिसली. त्यांच्या पुढून मला पाटापर्यंत जायचं होतं, आणि मी स्टँडवर पुरी-भाजी खाऊन आलो होतो.

"फिर?" मियाँनं पुन्हा विचारलं.

"फिर काय नाय," मी म्हणालो. "आज तुझी चुलती जिंकली."

"मेरी कभीच नै हारी," तो म्हणाला आणि सुई परत चालू केली.

पुडकं मी पेटीत ठेवलं. त्याआधी एकदा उघडून बघितलं. कापड कुठं विरलेलं नाही. मामानं माल खरंच चांगला घेतला होता, आणि रास्त भावात.